बिघाड कुठे आहे?

२०२३ च्या दिवाळीतली, भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. सांगलीला धाकट्या भावाच्या घरी जेवणाच्या टेबलाभोवती आम्ही सहा माणसे उभे होतो आणि टेबलावर एक नवा कोरा संगणक होता. तो पुतणीने स्वतः जोडलेला होता. तिने बटण दाबले. आतला पंखा पाव वेढा फिरला, ‘टिक्’ असा बारीक आवाज झाला आणि सारे शांत झाले. तिने पुन्हा बटण दाबले. या वेळी तेवढेही झाले नाही.

पुढच्या पाच मिनिटांत काय झाले, ते वाचकांनी आपापल्या घरी कधी ना कधी अनुभवले असेलच. भाऊ म्हणाला, “मी सांगत होतो, कंपनीचा तयार घे. वर गॅरंटी तरी मिळाली असती.” भावजय म्हणाली, “रात्री एकपर्यंत जागून केलं, झोपेत काय नीट होणार?” आईने दुकानदाराला दोष दिला, दुकानदाराने फोनवर आम्हाला दिला. “माल तपासूनच दिलाय साहेब, बसवताना तुम्हीच काहीतरी केलं असणार.” माझ्या पत्नीने माझ्याकडे पाहिले, म्हणजे तिने कोणाला दोष दिला ते मला कळले. पुतणी खालमानेने म्हणाली, “माझंच काहीतरी चुकलंय. मला नाही जमत हे.” आणि मी? मी काही बोललो नाही, पण मनातल्या मनात म्हणालो, पोरीने प्रोसेसर बसवताना पिना वाकवल्या असणार.

सहा माणसे होती, दोषी कोण ते सहाही जणांचे ठरले होते. बिघाड कुठे आहे, असे मात्र कोणी विचारले नव्हते.

दोष देणे आणि दोष शोधणे या दोन क्रियांसाठी आपल्या भाषेत एकच नाम आहे, आणि मला वाटते आपली पुष्कळशी गफलत तिथेच होते. दोष दिला की शोधण्याचे काम संपले, असे आपण धरून चालतो. यंत्राला मात्र हे मान्य नसते. तुम्ही कोणालाही दोषी ठरवा, ते बंदच राहते.

या विषयावर बोलण्याचा मला थोडाफार अधिकार आहे, असे मी समजत होतो. नव्वदच्या दशकात मी मुंबईत नोकरी करीत असताना संध्याकाळी आणि रविवारी ओळखीच्यांना संगणक जोडून देत असे. कंपनीचा संगणक तेव्हा मध्यमवर्गीयाच्या आवाक्याबाहेर होता. म्हणून ग्रँट रोड स्टेशनवरून चालत लॅमिंग्टन रोडला जायचे (त्याचे खरे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ते फक्त पाटीवर), एका दुकानातून मदरबोर्ड, दुसऱ्यातून हार्ड डिस्क, तिसऱ्यातून कॅबिनेट घ्यायचे आणि पिशव्या सांभाळत लोकल पकडायची. ‘असेंबल्ड’ हा इंग्रजी शब्द मराठी घरांत रुळला तो तेव्हा. पुण्यात हीच वर्दळ बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत असे.

तिथल्या एका दुकानात एक वयस्क कारागीर बसत. त्यांच्याकडून मी दोन गोष्टी शिकलो. पहिली, ‘काळ्याला काळा’. त्या काळच्या मदरबोर्डाला वीजपुरवठ्याचे दोन वेगळे जोड असत, आणि ते आलटून पालटूनही बसत. ते लावताना दोन्हींच्या काळ्या तारा मधोमध शेजारी आल्या पाहिजेत. उलटे लावले की बोर्ड जळालाच म्हणून समजा. १९९५ मध्ये एटीएक्स ही नवी रचना आली, दोन जोडांच्या जागी एकच, आणि तोही उलटा बसणार नाही असा आला. ‘काळ्याला काळा’ हा मंत्र कालबाह्य झाला. दुसरी गोष्ट मात्र झाली नाही. बिघडलेला संगणक कोणी समोर ठेवला, की ते स्क्रू-ड्रायव्हर उचलण्याआधी विचारीत, “बंद पडायच्या आधी शेवटचं काय केलं होतं?” आवाजात आरोप नसे. डॉक्टर ‘काल काय खाल्लं होतं’ विचारतात, तसा तो प्रश्न असे. म्हणून माणसे खरे सांगत.

पुतणीकडे वळण्यापूर्वी, बटण दाबल्यावर संगणकात काय होते ते थोडक्यात सांगतो, कारण सगळे त्यावर अवलंबून आहे. आजच्या संगणकाचे बटण दिव्याच्या बटणासारखे नसते. ते मदरबोर्डावरच्या दोन पिना क्षणभर एकमेकींना जोडते, बस्स. भिंतीवरचे बटण चालू असेल तर एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याची पेटी, आधीपासून अर्धवट जागी असते आणि बोर्डाला पाच व्होल्टचा बारीकसा पुरवठा देत असते. पिना जोडल्या गेल्या की बोर्ड एका हिरव्या तारेतून पेटीला ‘ऊठ’ म्हणून कळवतो. पेटी सारे व्होल्टेज ठीक झाले की करड्या तारेतून ‘मी तयार आहे’ असा निरोप देते. तोपर्यंत प्रोसेसरला रोखून धरलेले असते. मग तो सुटतो, बोर्डावरच्या चिपमधील पहिली आज्ञा वाचतो, स्मृती तपासली जाते, पडद्याची जोडणी शोधली जाते आणि पडद्यावर अक्षरे उमटतात. १९८१ च्या आयबीएमच्या पहिल्या पीसीत ही तपासणी निर्विघ्न पार पडली की एक छोटी ‘बीप’ वाजे. हल्लीच्या पुष्कळ बोर्डांवर त्यासाठी चार बारीक दिवे असतात.

म्हणजे ही एक साखळी आहे, आणि ती कुठे तुटली याची खूण दर वेळी वेगळी असते. काहीच हालचाल नाही, तर भिंतीवरचे बटण, एसएमपीएसच्या पाठीमागचा स्विच, नाही तर त्या दोन पिनांची तार बघावी. पंखे छान फिरतात पण पडदा काळा, तर रॅम नीट बसली नसेल, प्रोसेसरजवळचा वीजपुरवठ्याचा वेगळा जोड लावायचा राहिला असेल, किंवा मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी बोर्डाला लावली असेल. नव्या पिढीच्या रॅमला पहिल्या वेळी स्वतःची जुळवाजुळव करायला काही मिनिटे लागतात. पडदा काळा पाहून माणसे घाबरून बटण दाबत सुटतात, तेव्हा खरे तर थांबायचे असते. आणि पंखा पाव वेढा फिरून थांबला, तर? तर हिरव्या तारेपर्यंत सगळे ठीक आहे. पेटी उठली, कुठेतरी दोन नको त्या गोष्टी एकमेकींना टेकलेल्या आढळल्या आणि स्वतःला वाचवण्यासाठी ती पुन्हा झोपली. भिंतीवरचे बटण बंद करून थोडे थांबल्याशिवाय मग ती हलतही नाही. दुसऱ्यांदा बटण दाबल्यावर काहीच झाले नव्हते, ते यामुळे.

हे सगळे मला ठाऊक होते. तरी मी पुतणीला विचारले ते असे, “तू शेवटचं काय केलंस?” शब्द त्या कारागिराचेच होते, सूर नव्हता. ती एकदम गप्प झाली.

तिची बाजू सांगायला हवी. ती तंत्रनिकेतनात संगणकाच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला होती. दोन वर्षांत तिने संगणक आतून पाहिला नव्हता. प्रयोगशाळेत नियम असा, की यंत्र बंद पडले तर हात लावायचा नाही, सरांना सांगायचे. सर पुरवठादाराला सांगत, पुरवठादार महिन्याने येई. शिष्यवृत्तीचे पैसे, वाढदिवसांची पाकिटे आणि शेजारच्या मुलांच्या शिकवण्या यांतून तिने पैसे जमवले होते. सुटे भाग मी तिच्या यादीप्रमाणे लॅमिंग्टन रोडवरून आणून दिले होते. जोडणी सगळी तिची. मी फक्त कॅबिनेट उघडून देणे, आतले पितळी स्पेसर बसवणे अशी किरकोळ कामे केली होती. पदविका सोडून दुसरीकडे कुठे प्रवेश घ्यावा, अशी चर्चा त्या घरात दिवाळीच्या आधीपासून चालू होती. त्यामुळे टेबलावर बंद पडलेली वस्तू नुसता संगणक नव्हती. ‘हे तुझं काम नाही’ या वाक्याचा तो पुरावा होऊ पाहत होता.

आम्ही कामाला लागलो. भिंतीवरचा प्लग काढला. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवली. एसएमपीएसची पेटी कधीही उघडायची नसते, प्लग काढल्यावरही तिच्यात जीव घेण्याइतकी वीज साठलेली असू शकते. पण ती चालते की नाही हे बाहेरून बघता येते. तिचे सगळे जोड बोर्डापासून सोडवले, कॅबिनेटचा एक पंखा तेवढा तिला जोडला, मोठ्या जोडातली हिरवी आणि काळी तार यू-पिनेने जोडली आणि मग प्लग लावला. पंखा गरगर फिरू लागला. पेटी निर्दोष. पुतणीने वहीत लिहिले, ‘एसएमपीएस ठीक’.

मग एकेक भाग कमी करायला सुरुवात केली. ग्राफिक्स कार्ड काढले, कारण तिच्या प्रोसेसरमध्ये पडद्याची सोय होतीच. तरी पंखा पाव वेढाच. डिस्क काढली, तेच. दोनपैकी एक रॅम काढली, तेच. ती काढून दुसरी लावली, तेच. प्रत्येक वेळी एकच बदल, आणि प्रत्येक वेळी वहीत एक ओळ. हा सगळा कंटाळवाणा प्रकार आहे. दोन गोष्टी एकदम बदलण्याचा मोह होतो, आणि तो आवरावाच लागतो, कारण संगणक चालू झाला तरी कशामुळे ते कळत नाही, आणि उद्या तो पुन्हा बंद पडला की आपण होतो तिथेच.

शेवटी उरला प्रोसेसर आणि बोर्ड. मी म्हणालो, “आता प्रोसेसर काढ. पिना वाकल्यात.” ती म्हणाली, “काका, त्याआधी बोर्डच कॅबिनेटच्या बाहेर काढून बघूया.” मी म्हणालो, “बोर्डाचा काही प्रश्न नाही. खालचं सगळं मी स्वतः बसवलंय.” ती वहीकडे बघत म्हणाली, “पण ते आपण तपासलेलं नाहीये.”

खरे सांगायचे तर मला राग आला. तीस वर्षांचा अनुभव आणि ही कालची पोर. पण वही तिच्या हातात होती आणि वहीत ती ओळ खरोखरच नव्हती. बोर्ड बाहेर काढला, त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला, पेटीचे जोड लावले. बटणाची तार आता नव्हती, म्हणून तिने स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने त्या दोन पिना क्षणभर जोडल्या. पंखा फिरला आणि फिरतच राहिला. थोड्या वेळाने पडद्यावर अक्षरे उमटली. टेबलाभोवतीच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, पण ती वाजवत नव्हती. ती रिकाम्या कॅबिनेटमध्ये टॉर्च धरून बघत होती.

पितळी स्पेसर म्हणजे बोर्डाखालच्या बारीक षटकोनी खुंट्या. बोर्डाची मागची बाजू कॅबिनेटच्या पत्र्याला टेकू नये, म्हणून तो त्यांच्यावर उभा असतो. बोर्डाला जिथे भोक, तिथेच खुंटी हवी. तिचा बोर्ड आकाराने लहान होता, त्याला भोके सहाच. मी बोर्ड न बघता जुन्या सवयीने सात खुंट्या बसवल्या होत्या. सातवी खुंटी बोर्डाच्या पाठीवरच्या उघड्या डाखांना टेकत होती. तेवढ्याने आम्हा सगळ्यांची दिवाळी अडली होती.

“काका, सात आहेत,” एवढेच ती म्हणाली. “मी बसवल्या” असे मी म्हणालो, पण ते म्हणायला मला वाटले त्यापेक्षा थोडा अधिक वेळ लागला.

ही गोष्ट मी पुष्कळांना सांगितली, आणि बहुतेक जण हसून “म्हणजे चूक तुमचीच!” म्हणाले. म्हणजे पुन्हा दोषी सापडला. मला त्यात अपमान वाटत नाही, पण मुद्दा निसटतो याचे वाईट वाटते. सातवी खुंटी सापडली ती मी दोषी आहे हे कोणाला आधी कळले म्हणून नव्हे. जे तपासलेले नाही ते तपासायचे, मग ते कोणीही बसवलेले असो, हा नियम एका मुलीने पाळला म्हणून. आणि इतका वेळ ती सापडली नाही, कारण मी माझ्या हाताला तपासणीतून सूट दिली होती. घरातल्या वडीलधाऱ्याला, कचेरीतल्या साहेबाला आणि सत्तेवरच्या माणसाला अशी सूट आपण न मागता देतो. बिघाड नेमका तिथे असला, तर तो सापडण्याची शक्यताच आपण काढून टाकलेली असते.

विमानवाहतुकीच्या जगाने हे फार पूर्वी ओळखले. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या अपघात-तपासाविषयीच्या नियमावलीत, म्हणजे परिशिष्ट १३ मध्ये, स्वच्छ म्हटले आहे की तपासाचा एकमेव हेतू पुढचे अपघात टाळणे हा आहे, दोष किंवा जबाबदारी कोणाच्या माथी मारणे हा नाही. वैमानिकाने, तंत्रज्ञाने खरे सांगावे म्हणून ही तरतूद. शिक्षा व्हायची असेल तर त्यासाठी न्यायालये वेगळी आहेत. आपल्याकडे मात्र पूल पडला, आग लागली की पहिल्याच तासात ‘दोषींची गय केली जाणार नाही’ असे निवेदन येते. गय करू नये, हे बरोबरच आहे. पण ज्याची गय होणार नाही असा माणूस ‘शेवटचं काय केलं होतं’ याचे खरे उत्तर कशाला देईल?

या सवयीची सुरुवात शाळेत होते, असे माझे मत आहे. विज्ञानाची प्रयोगवही आठवून पाहा. दोलकाच्या प्रयोगात ‘ग’ची किंमत ९.८ च्या आसपास यायलाच हवी, म्हणून आपण आधी उत्तर लिहीत असू आणि मग त्याला साजेशी निरीक्षणे. थोरल्या भावाची वही धाकट्याला चाले. ज्याचे उत्तर चुकले त्याला ‘कुठे बिघडले ते शोध’ असे कोणी म्हणत नसे, ‘नीट कर’ म्हणत. चुकलेले निरीक्षण ही लपवायची गोष्ट आहे, हे आपण चौदाव्या-पंधराव्या वर्षी पक्के शिकतो. पुतणीच्या वहीत सलग पाच वेळा ‘तेच’ असे लिहिलेले होते. शाळेच्या हिशेबाने ती पाच अपयशे. खरे तर बिघाड कुठे नाही हे सांगणाऱ्या त्या पाच ओळी होत्या, आणि त्यांच्याशिवाय सहावी सुचली नसती.

आपल्याला हे कधी जमलेच नाही, असे मात्र नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी मुंबईत संगणक बांधला, तो १९६० मध्ये कामाला लागला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्यात सुमारे २७०० व्हॉल्व्ह होते, आणि व्हॉल्व्ह हा मुळात जळणारा भाग. बोलवायला पुरवठादार नव्हता. ज्यांनी बांधला त्यांनीच बिघाड शोधायचा होता. एका अर्थी देशाने घरी जोडलेलाच तो संगणक. जोडणाऱ्यालाच दुरुस्ती करावी लागली की यंत्र खऱ्या अर्थाने कळते, ते असे.

आज उलटे वारे आहेत. पुष्कळशा लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाखून टाकलेली असते, आणि ती बिघडली की ‘बोर्ड बदला’, म्हणजे बहुधा ‘नवा घ्या’, असे उत्तर मिळते. ग्राहकाला दुरुस्तीचा हक्क हवा, या विचाराने केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी एक संकेतस्थळ सुरू केले. ई-कचऱ्याचे नवे नियम एप्रिल २०२३ पासून लागू झाले. या गोष्टी हव्याच होत्या. पण कायदा फार तर सुटे भाग आणि माहिती मिळवून देईल. पेच फिरवण्याची आणि ‘तेच’ असे पाच वेळा लिहिण्याची चिकाटी कायद्याने येत नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक तंत्रनिकेतनात, जमल्यास प्रत्येक शाळेत, दोन-चार जुनी यंत्रे मुद्दाम बिघडवून ठेवावीत. मुलांना गुण दुरुस्तीचे देऊ नयेत, शोधाच्या वहीचे द्यावेत. आणि शिक्षकांनी, आईबापांनी, माझ्यासारख्या काकांनी आपण बसवलेल्या खुंट्याही तपासायला द्याव्यात.

पुतणीचा संगणक त्याच रात्री सहा खुंट्यांवर पुन्हा उभा राहिला. पदविका तिने सोडली नाही. काही महिन्यांनी तिचा फोन आला. प्रयोगशाळेतला एक संगणक बंद पडला होता, आणि या वेळी तिने सरांना विचारून तो उघडला होता. “काय होतं?” मी विचारले. “अजून सापडलं नाही,” ती म्हणाली, “पण काय काय नाही, ते कळलंय.” मागे कोणीतरी जोरात हसत होते. बहुधा तिचे सरच असावेत.